ड्रेन बोल्ट, गेलेले आटे आणि दर महिन्याची ऑइल बदली : नागपुरातल्या सहा डिलिव्हरी गाड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गांधीबाग भागातल्या एका औषध वितरकाकडे सहा मोटरसायकली आहेत. सगळ्या १०० सीसीच्या, एकाच जातीच्या, जुनी-नवी एवढाच फरक. सकाळी खोके भरायचे आणि कामठी, हिंगणा, कोराडी, बुटीबोरी, उमरेड रोड अशा लाइनींवर मुलं निघायची. दिवसाला सरासरी ८० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे एका गाडीचे महिन्याला २००० किलोमीटरच्या वर होतात. त्यात मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन, सिग्नलवर उभं राहणं, मागे खोक्यांचा बोजा. गाडीला विश्रांती नाही, म्हणून मालकांनी एक नियम घालून दिला होता : दर महिन्याला ऑइल बदलायचं. हेतू चांगला होता आणि मालक खर्चाला कधी मागे हटले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

गाड्यांची जबाबदारी गोदाम सांभाळणाऱ्या काकांकडे होती. ऑइल बदली गोदामामागच्या गल्लीत, फुटपाथवर व्हायची. शेजारच्या गॅरेजमधला मुलगा पाना घेऊन यायचा, इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट, म्हणजे तेल सोडायचा बोल्ट, काढायचा, जुनं तेल पत्र्याच्या डब्यात आणि बरंचसं फरशीवर सांडायचं, मग नवं तेल भरून गाडी लाइनवर.

मी दुचाकी देखभालीचं प्रशिक्षण देतो. या वितरकाकडे मला बोलावलं ते एक गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून. खालच्या नोंदी त्यांच्या परवानगीने लिहिल्या आहेत. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

घटना

वर्धा रोडवरून बुटीबोरीकडे जाताना एका गाडीचं इंजिन खडखडायला लागलं. जळका वास आला, गाडीने ओढ सोडली. मुलगा हुशार होता, त्याने लगेच इंजिन बंद केलं आणि गाडी बाजूला घेतली. खाली वाकून पाहिलं तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या, तळाला तेलाचा थर आणि मागच्या टायरच्या एका कडेवरही तेल. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, कोरडी.

या गाड्यांना तेलाच्या दाबाचा दिवा नसतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं. तेल संपत आलं तरी मीटरवर काहीच दिसत नाही. इंजिनात तेल असतंच किती, ९०० मिलीच्या आसपास. बोल्टपाशी थेंब थेंब गळती असली तरी दोन-तीन आठवड्यांत ते धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकतं.

गाडी टेम्पोत घालून गोदामात आणली. ड्रेन बोल्ट उघडायला गेलो तर त्याच्याभोवती एमसीलचा गोळा होता. तो फोडल्यावर बोल्ट जवळजवळ हातानेच बाहेर आला. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे, आणि टेपमध्ये अडकलेली चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची तार. चेंबरमधले आटे बोल्टसोबत बाहेर आले होते.

गॅरेजचा मुलगा तिथेच होता. त्याला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "टपकून राह्यलं होतं जी, म्हणून कसलं. मंग आणखी टपकलं, आणखी कसलं. मंग चुडीच गेली." चुडी म्हणजे आटे. संपूर्ण प्रकरणाचं कारण त्याने तीन वाक्यांत सांगितलं होतं. पुढची सगळी चर्चा याच साखळीभोवती फिरली.

बाकीच्या गाड्या तपासल्या

एका गाडीचे आटे गेले म्हणजे तोच हात, तोच पाना लागलेल्या बाकीच्या पाच गाड्याही पाहायला हव्यात, असा आग्रह मी धरला. काकांना ते आधी पटलं नाही; चालत्या गाड्या कशाला उघडायच्या, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पुढची ऑइल बदली चार दिवस अलीकडे ओढून सगळ्या गाड्या एकाच रविवारी उघडल्या.

तपासायची पद्धत साधी आहे. बोल्ट काढून पुसायचा आणि आट्यांच्या खाचेत चकचकीत चुरा आहे का ते पाहायचं. मग बोल्ट फक्त बोटांनी आत फिरवायचा. निरोगी आट्यांमध्ये तो गुळगुळीत जातो आणि अर्ध्यात असताना हलवला तर फारसा हलत नाही. आजारी आट्यांमध्ये तो डगमगतो, किंवा एखाद्या ठिकाणी अडखळतो. पाचपैकी दोन गाड्यांचे आटे असे डगमगते निघाले. तीन ठीक होत्या, आणि त्या तिन्ही सगळ्यांत नव्या होत्या.

आणखी एक गोष्ट सहाही गाड्यांत सारखी होती. बोल्टखालचा वायसर चेपून पातळ झालेला, एका बाजूला ओरखडे असलेला, स्पष्टपणे कित्येक बदल्या जुना. एका गाडीत तर दोन वायसर एकावर एक घातले होते.

आटे का गेले

ड्रेन बोल्ट स्टीलचा आणि चेंबर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं. दोघांत झटापट झाली की हरतं ते अ‍ॅल्युमिनियम. या गाड्यांचा बोल्ट एम-१२ × १.५ मापाचा, म्हणजे १२ मिमी व्यासाचा आणि दीड मिमी अंतराच्या आट्यांचा, १७ नंबरच्या पान्याचा. त्याला घट्ट करायचं प्रमाण पुस्तिकेत २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास दिलेलं असतं. व्यवहारात सांगायचं तर २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा ओढा. एवढ्याने बोल्ट ढोबळ हिशेबाने एक टन ताणाने धरला जातो, आणि तेल अडवायला तो पुरेसा असतो. गल्लीत मात्र पान्याला पाइप जोडून लांबी अर्ध्या मीटरवर नेली जायची आणि अंगाचा भार टाकला जायचा. २० किलोचा ओढा धरला तरी तो १०० न्यूटन-मीटर होतो, म्हणजे हव्या त्याच्या तिप्पट-चौपट.

पण मुलगा इतकं कसत का होता? कारण गळती थांबत नव्हती. आणि गळती थांबत नव्हती ती वायसरमुळे. ड्रेन बोल्टचे आटे तेल अडवत नाहीत. आट्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. तेल अडवतो तो वायसर. मऊ अ‍ॅल्युमिनियमचा नवा वायसर पहिल्यांदा दाबला जातो तेव्हा तो चेंबरच्या पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे भरून काढतो. दुसऱ्यांदा तोच वायसर वापरला की तो आधीच चेपलेला आणि कडक झालेला असतो, नव्या जागी नीट बसत नाही, आणि तेल पाझरतं. तांब्याचा वायसर लालबुंद तापवून पुन्हा मऊ करता येतो; अ‍ॅल्युमिनियमचा फेकायचाच. त्याची किंमत ऑइलच्या डब्यापुढे किरकोळ असते.

तिसरं कारण वारंवारतेचं. महिन्याला एकदा म्हणजे वर्षाला बारा वेळा बोल्ट उघडला आणि बंद झाला. चार वर्षांच्या गाडीत ते अठ्ठेचाळीस वेळा. एरवी घर ते ऑफिस चालणाऱ्या गाडीचा बोल्ट एवढा फिरायला पंधरा-वीस वर्षं लागतील. ज्या नियमाने इंजिन जपायचं ठरवलं होतं, त्यानेच इंजिनाचा तळ झिजवला.

पहिला निर्णय : गाडी आज बाहेर काढायची का?

मालकांचा पहिला प्रश्न इंजिनाचा नव्हताच. "आज संध्याकाळची कामठीची लाइन आहे साहेब. एमसील लावून द्या, रविवारी पाहू." औषधं वेळेवर पोचणं हे त्यांच्या धंद्याचं नाव आहे, त्यामुळे हा प्रश्न रास्त होता.

तरीही मी नाही म्हटलं, आणि काकांनी साथ दिली. कारण धोका फक्त इंजिन जाम होण्यापुरता नव्हता. ड्रेन बोल्ट मागच्या चाकाच्या पुढे असतो. धावत्या गाडीतून बोल्ट सुटला तर गरम तेल मागच्या टायरवर जातं, आणि भरल्या खोक्यांसह टायर घसरला तर माणूस ट्रकखाली जाऊ शकतो. टायरच्या कडेवर दिसलेलं तेल मी मालकांना बोट लावून दाखवलं. त्यानंतर चर्चा झाली नाही. कामठीची लाइन त्या दिवशी ऑटोने गेली.

त्याच वेळी इंजिन वाचलं आहे का हेही पाहिलं. झडपांचं झाकण काढून कॅमशाफ्ट आणि रॉकर पाहिले. ओरखडे होते पण खोल नव्हते. मुलाने वेळेवर इंजिन बंद केल्याचा हा फायदा.

दुरुस्तीचे पर्याय

गेलेल्या आट्यांसाठी पाच मार्ग चर्चेला आले.

शेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रींचा पहिला सल्ला ओव्हरसाइज बोल्टचा होता : भोक मोठं करून एम-१४ चे आटे पाडायचे आणि लेथवर बनवलेला बोल्ट घालायचा. गल्लीत हेच सर्वांत जास्त चालतं. स्वस्त आहे, तासाभरात होतं. पण आटे पुन्हा अ‍ॅल्युमिनियममध्येच पडतात, म्हणजे पाना आणि सवय तीच राहिली तर दोन वर्षांत पुन्हा तीच वेळ, आणि तेव्हा भोवतालचं मांस आणखी कमी झालेलं.

दुसरा मार्ग पिगीबॅक बोल्टचा. मोठा बोल्ट कायमचा बसवायचा आणि त्याच्या मधोमध छोटा बोल्ट, ऑइल बदलीला फक्त छोटा उघडायचा. कल्पना चांगली, पण छोट्या भोकातून तेल संथ निघतं आणि मोठा बोल्ट आत उंच राहिला तर तळाचा गाळ निघतच नाही.

तिसरा हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेच्या गुंडाळीचे नवे आटे. चौथा भरीव बुशचा, म्हणजे आत-बाहेर आटे असलेल्या धातूच्या नळीचा, जो त्याहूनही टिकाऊ आहे, पण त्या मापाचा सेट नागपुरात लगेच मिळाला नाही. पाचवा मार्ग अर्धं चेंबरच बदलण्याचा. त्यासाठी इंजिन पूर्ण खोलावं लागतं, आणि इंजिन नंबर कोरलेला अर्धा भागच बदलावा लागला तर आरटीओत नोंद बदलणंही आलं. तो लगेच बाजूला ठेवला.

इथे क्रमाला महत्त्व होतं. एम-१२ च्या हेलिकॉइलसाठी जे आटे पाडावे लागतात त्यांचा बाहेरचा व्यास जवळपास १४ मिमी होतो. म्हणजे आधी एम-१४ चा बोल्ट घातला, की नंतर हेलिकॉइलचा दरवाजा बंद. आणि हेलिकॉइल फसलं, तर एम-१४ ही पुरणार नाही, त्याहून मोठ्याकडे जावं लागेल. पहिला वार कोणता करायचा हे विचार करूनच ठरवायला हवं होतं. आम्ही हेलिकॉइल निवडलं, कारण त्यानंतर बोल्टचे आटे स्टेनलेसमध्ये फिरणार होते. दर बदलीची झीज अ‍ॅल्युमिनियमला बसणार नव्हती. शिवाय मूळ मापाचाच बोल्ट आणि वायसर चालणार होता, जो इतवारीत कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो.

आटे घालताना

काम गणेशपेठेकडच्या एका अनुभवी लेथवाल्याने केलं. गाडी आडवी न करता उंच रॅम्पवर घेतली आणि भोक खालून पाडलं, म्हणजे चुरा शक्यतो खालीच पडतो. ड्रिल सुमारे १२.४ मिमीचं. टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत भरपूर ग्रीस भरलं, प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर टॅप मागे घेतला, बाहेर काढून पुसला, पुन्हा ग्रीस. घाई केली तर अ‍ॅल्युमिनियमचा चुरा टॅपच्या टोकापुढे ढकलला जाऊन चेंबरमध्ये चढतो.

भोक वायसरच्या पृष्ठभागाशी अगदी काटकोनात हवं. ते किंचित जरी तिरकं झालं तर बोल्टचं डोकं एका बाजूनेच टेकतं आणि नवा वायसर घालूनही तेल पाझरतं. लेथवाल्याने त्यासाठी एक जाड पत्र्याचा मार्गदर्शक ठोकळा बनवून घेतला होता. त्याच्या या पाऊण तासाच्या जास्तीच्या कामाचे पैसे मी मालकांना आनंदाने द्यायला लावले.

हेलिकॉइलची गुंडाळी पृष्ठभागापासून साधारण अर्धा आटा आत बसवली, म्हणजे वायसर थेट अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट कडेवर टेकेल. मग तिची शेपटी तोडायची वेळ आली. गुंडाळी आत फिरवण्यासाठी टोकाला जी आडवी शेपटी असते ती तोडून काढली नाही तर बोल्ट पूर्ण जात नाही, आणि तोडताना ती चेंबरमध्ये पडली तर मोठी पंचाईत. स्टेनलेस असल्यामुळे चुंबकाने ती नीट उचलली जात नाही. लेथवाल्याने लांब नाकाच्या पकडीने शेपटी आधी घट्ट धरली आणि मग पुढेमागे वाकवून तोडली. काम संपल्यावर वरून थोडं स्वस्त तेल ओतून खालून वाहू दिलं, स्वच्छ कापडातून गाळलं. चुऱ्याचे दोन-चार कण निघाले, तेव्हा पुन्हा ओतलं. तिसऱ्या वेळी कापड स्वच्छ आलं.

आजारी आटे असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीत त्याच दिवशी हेलिकॉइल घातलं. दुसरीत आटे अजून धरत होते, तिला नवा वायसर आणि योग्य ओढ एवढ्यावर ठेवून लक्ष ठेवायचं ठरलं.

व्हॉल्व्ह की साधा बोल्ट?

खरी चर्चा इथे झाली. मालकांच्या पुतण्याने बोल्टऐवजी बसणाऱ्या ड्रेन व्हॉल्व्हची माहिती काढून आणली होती. बोल्ट काढायची भानगडच नको, कळ फिरवली की तेल बाहेर. सहाही गाड्यांना बसवून टाकू, असा त्याचा उत्साह. त्याची दिशा बरोबर होती : आटे न फिरवणं हाच आटे वाचवायचा सर्वांत पक्का मार्ग.

असे व्हॉल्व्ह मुख्यतः दोन तऱ्हेचे येतात. एकात छोटी कळ असते, ती वर उचलून पाव फेरी फिरवली की आतला गोळा उघडतो. जपानी फुमोटोचे व्हॉल्व्ह या जातीचे. दुसऱ्यात स्प्रिंगवर दाबलेली झडप असते. तिच्यावर नळी जोडलेला जोड फिरवून बसवला की झडप उघडते, काढला की बंद होते, वर धुळीचं झाकण. जर्मन स्टालबसचे या जातीचे. एम-१२ × १.५ हे सर्वसामान्य माप असल्याने दोन्ही तऱ्हा मिळतात.

कारच्या बाबतीत कळीचा व्हॉल्व्ह छान. पण या मोटरसायकलींचं चेंबर हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग, आणि बोल्ट त्याच्याही तळाला, तोंड जमिनीकडे. म्हणून आम्ही गाडीवर चालक आणि नेहमीचे खोके चढवून बोल्टच्या डोक्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. कागदावर या वर्गातल्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमीच्या आसपास असतो. भार चढल्यावर मागचे शॉकअप दबतात आणि तो बराच कमी होतो. त्यातून कळीच्या व्हॉल्व्हची उंची वजा केली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे हळूच चढून उतरणारा. नागपूरच्या वस्त्यांमधले कितीतरी गतिरोधक मात्र अरुंद आणि उभे आहेत, आणि सिमेंट रस्त्यांच्या कडेला डांबरी गल्लीत उतरताना जी पायरी लागते ती वेगळीच. तिथे कळ घासली, वाकली किंवा उघडली, तर बोल्ट सुटण्याइतकाच प्रकार. कळीचा व्हॉल्व्ह आम्ही नाकारला, आणि पुतण्याने स्वतः मोजलेली पट्टी पाहिल्यावर तोच आधी म्हणाला, "नाही जमत हे आपल्या रोडवर."

स्प्रिंगच्या झडपेचा व्हॉल्व्ह झाकणासकट बोल्टच्या डोक्यापेक्षा थोडाच जास्त बाहेर येत होता. त्याचे फायदे मला खरंच आवडले. नळीचं टोक थेट कॅनमध्ये जातं, हात भाजत नाही, फुटपाथवर थेंब पडत नाही. पण तीन गोष्टी तराजूत टाकाव्या लागल्या. भोक लहान, त्यामुळे तेल संथ उतरतं, आणि व्हॉल्व्हचा आतला काठ तळापेक्षा वर राहत असेल तर थोडं जुनं तेल मागे राहतं. दुसरं, बोल्ट बाहेर येत नाही म्हणून त्याच्यावर काय चिकटलंय ते दिसत नाही. तिसरी गोष्ट किंमत : आयात केलेला चांगला व्हॉल्व्ह महाग, आणि ऑनलाइन मिळणारे बिननावाचे स्वस्त व्हॉल्व्ह मी कुणालाही सुचवणार नाही, कारण त्यातली एक रबरी रिंग गेली तर सगळं तेल रस्त्यावर.

दुसरा मुद्दा या इंजिनांत जास्त जड होता. यांत कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी आणि फिरणाऱ्या वाटीसारखा केंद्रापसारक फिल्टर एवढ्यावर काम चालतं. त्यामुळे चुंबक असलेला ड्रेन बोल्ट इथे उपयोगी पडतो. गिअरचा बारीक लोखंडी चुरा त्याला चिकटतो, आणि दर बदलीला तो पुसताना इंजिनाची तब्येत कळते. करडी बारीक पेस्ट असेल तर चिंता नाही. टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर गाडी उघडायची वेळ आली. चुंबक घेताना मात्र पाहावं लागतं. साध्या निओडायमियम चुंबकाची शक्ती ८० अंशांच्या पुढे कायमची घटू लागते आणि इंजिनातलं तेल त्याहून गरम होतं, म्हणून जास्त तापमानाला टिकणारा चुंबक हवा, आणि तो नुसता चिकटवलेला नको, दाबून बसवलेला हवा. बोल्टची लांबीही जुन्या बोल्टशी जुळवून घ्यावी. लांब झाला तर आतल्या भागाला टेकतो, आखूड झाला तर कमी आटे धरतो.

शेवटी ठरलं ते असं. हेलिकॉइल घातलेल्या दोन्ही गाड्यांना चुंबकाचे बोल्ट. निरोगी तीन गाड्यांपैकी एकीला स्प्रिंगच्या झडपेचा व्हॉल्व्ह, प्रयोग म्हणून, आणि ती गाडी शहरातल्याच लाइनवर. उरलेल्या तिघींना चुंबकाचे बोल्ट. सहाही गाड्यांना एकदम व्हॉल्व्ह बसवण्यापेक्षा एकीवर वर्षभर पाहावं, हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

ओढ मोजायची सोय

टॉर्क पाना, म्हणजे ओढ मोजणारा पाना, घ्यायचा की नाही यावर मालक थोडे थबकले. तो येईपर्यंत काकांनी एक सोय काढली, आणि ती मी आता प्रशिक्षणातही शिकवतो. रद्दीवाल्यांकडे असतो तसा लटकता स्प्रिंगचा काटा घ्यायचा. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खूण करायची, तिथे काटा अडकवायचा आणि पान्याशी काटकोनात ओढायचा. काट्यावर १० किलो दिसले की थांबायचं. ते २५ न्यूटन-मीटरच्या अगदी जवळ येतं. गॅरेजच्या मुलाने पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. "एवढ्यातच झालं का जी?" दुसऱ्या दिवशी खाली पुठ्ठा ठेवून त्याला दाखवला. पुठ्ठा कोरडा होता. व्हॉल्व्हला मात्र हे प्रमाण लावायचं नाही. त्याच्या सोबतच्या पत्रकात दिलेलीच ओढ धरायची.

पुठ्ठ्याची ही पद्धत मग नियम झाली. बदली झाल्यावर रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा, सकाळी डाग पाहायचा. डाग असला तर कसायचं नाही. बोल्ट काढून वायसर बदलायचा आणि कड पुसायची.

बदलीचं अंतर

हा निर्णय सर्वांत अवघड गेला, कारण तो मालकांच्या श्रद्धेच्या विरुद्ध होता. पुस्तिकेतलं बदलीचं अंतर त्यांच्या २००० किलोमीटरच्या दुपटीहून जास्त होतं. आमच्याकडची धूळ, ऊन आणि थांबत-चालत धावणं पाहता मी पुस्तिकेइतकं लांब जा असं म्हटलं नाही. ३००० वर तडजोड झाली. त्याने वर्षातल्या बारा बदल्यांच्या साधारण आठ झाल्या. वाचलेल्या तेलाच्या पैशांतून वायसर, बोल्ट आणि टॉर्क पाना आरामात निघाला.

त्या बदल्यात दर सोमवारी डिपस्टिक पाहणं सक्तीचं केलं. मधल्या स्टँडवर गाडी, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, काडी पुसायची आणि आट्यांत न फिरवता नुसती टेकवून काढायची. मुलं आधी ती फिरवून घट्ट करून पाहत होती, त्यामुळे तेल असतं त्यापेक्षा जास्त दिसायचं. कमी झालेलं तेल भरायची वेळ आली तर तेच तेल, जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीची खूण) लिहिलेलं. कारचं उरलेलं तेल ओतलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी तेलात बुडालेला क्लच घसरू शकतो, आणि चढावर गाडी नुसतीच ओरडते.

पुढे काय झालं

पुढच्या वर्षभरात सहापैकी एकाही गाडीचा ड्रेन बोल्ट गळला नाही. वाट पाहायला ठेवलेल्या गाडीचे आटे पावसाळ्यानंतरच्या बदलीला पुन्हा डगमगते जाणवले; गळती सुरू व्हायच्या आधीच तिला हेलिकॉइल घातलं. वर्धा रोडवर बंद पडलेली गाडी आजही चालते आहे, तेल किंचित जास्त पिते, आणि काका तिची डिपस्टिक आठवड्यातून दोनदा पाहतात.

चुंबकाने एकदा काम दाखवलं. एका गाडीच्या बोल्टवर पेस्टऐवजी टोकदार कण सापडले, उघडून पाहिल्यावर दुसऱ्या गिअरच्या कडा उडालेल्या होत्या. गिअरबॉक्स रस्त्यात अडकायच्या आधी ते कळलं.

व्हॉल्व्हच्या गाडीची बदली काकांना सर्वांत आवडते. तेल उतरायला वेळ लागतो, पण ते नळी लावून गोदामात चलन लिहायला बसतात. जुनं तेल थेट कॅनमध्ये जातं, त्यामुळे ते गल्लीतल्या नालीत जाणं बंद झालं. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवं; आता सहाही गाड्यांचं तेल साठवून एकत्र दिलं जातं. एक उणीव दिसली ती झाकणाची. धुळीचं झाकण एकदा पुन्हा लावायचं राहिलं आणि झडपेच्या तोंडात चिखल सुकून बसला. गळती झाली नाही, पण जोड लावण्याआधी तो काडीने साफ करावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला थेंब दिसला त्या दिवशी वायसर बदलला असता तर हे प्रकरण घडलंच नसतं. तो थेंब मुलाने पाहिला होता, चालकाने पाहिला होता, काकांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तेल कुणी, कधी, किती भरलं याची वही असती तर एकाच गाडीत वारंवार भर पडतेय हे आठवड्याभरात दिसलं असतं. ती वही आता आहे.

ज्या गाडीला आम्ही वाट पाहायला लावली तिच्यातही पहिल्याच रविवारी हेलिकॉइल घालणं जास्त सोपं गेलं असतं. लेथवाला समोर होता, ड्रिल लावलेलं होतं, रॅम्प मोकळा होता. नंतर तेवढ्या एका गाडीसाठी पुन्हा अर्धा दिवस गेला. दुसरीकडे, धरत असलेल्या आट्यांना हात न लावण्यातही अर्थ होता, कारण ड्रिल एकदा गेलं की मागे फिरता येत नाही. यावर मिस्त्रींचं आणि माझं आजही एकमत नाही.

व्हॉल्व्हबद्दलचा निर्णय वर्षाने पुन्हा घ्यायचा ठरला होता, तो झाला. मालकांनी शहरातल्या लाइनवरच्या आणखी एका गाडीला तो बसवला, सोबत चेंबरखाली पातळ पत्र्याचा गार्ड लावून. कामठी, बुटीबोरी आणि उमरेड रोडच्या गाड्यांना मात्र साधा चुंबकाचा बोल्ट, नवा वायसर आणि काट्यावरचे १० किलो.